सेवाशर्तींत बदल सुचवणारे पत्र हाती आल्यावर

नोकरीच्या अटी बदलण्याचा प्रस्ताव हाती पडला की सही करावी किंवा राजीनामा द्यावा, एवढ्या दोनच वाटा पुष्कळांना दिसतात, आणि त्या दोन्ही नकोशा वाटल्यामुळे ते पत्र खणात ठेवून दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामाला लागतात. या तिन्हींत सर्वांत धोक्याचे उत्तर हे तिसरे आहे. मौन हे संमतीचे लक्षण, असे आपण म्हणतो. नोकरीच्या बाबतीत काही ठिकाणी कायदाही तसेच म्हणतो. फ्रान्समध्ये मालकाने आर्थिक कारणासाठी कराराचा मूलभूत भाग बदलण्याचा प्रस्ताव नोंदणीकृत पत्राने पाठवला आणि कर्मचाऱ्याने एका महिन्यात नकार कळवला नाही, तर त्याने तो स्वीकारला असे धरले जाते. कंपनीवर न्यायालयामार्फत दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असेल तर ही मुदत १५ दिवसांवर येते. इतर अनेक देशांत इतका नेमका नियम नसला, तरी नव्या अटींवर महिनोन्महिने विनातक्रार काम केले की वर्तनातून संमती दिली, असा अर्थ न्यायालये काढू शकतात. म्हणून पुढे जे सांगितले आहे त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: उत्तर द्यावे, ते लेखी द्यावे आणि मुदतीत द्यावे. होकार आणि नकार यांच्या मध्ये बरीच मोठी जागा असते, पण ती वापरायची तर कागदावर काहीतरी असावे लागते.

पहिल्या दिवशी काय करावे

प्रस्ताव बैठकीत तोंडी सांगितला गेला असेल, तर तो लेखी मागावा. पत्र समोर ठेवून लगेच सही मागितली गेली, तर "मला हे नीट वाचायचे आहे, प्रत घेऊन जातो" एवढेच शांतपणे सांगावे. पत्र मिळाल्याची पोच म्हणून सही हवी असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात "फक्त मिळाले, अटी मान्य केलेल्या नाहीत" असे लिहून खाली तारीख घालावी. मनुष्यबळ विभागातील माणूस कितीही सज्जन असला, तरी बैठकीत त्याने दिलेले तोंडी आश्वासन दोन वर्षांनी, तो माणूसही तिथे नसताना, सिद्ध करता येत नाही.

त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी एक छोटा ईमेल पाठवावा. माझ्या मते सगळ्या पत्रव्यवहारात सर्वांत मोलाचा कागद हाच असतो, कारण तो मौनाचा अर्थ आधीच ठरवून टाकतो. त्याचा मजकूर साधारण असा असावा:

"माझ्या सेवाशर्तींत बदल सुचवणारे आपले अमुक तारखेचे पत्र मला आज मिळाले. मी ते काळजीपूर्वक वाचत असून अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर देईन. तोपर्यंत माझे काम सध्याच्या करारातील अटींनुसार चालू राहील. या काळात मी काम करत राहिल्याचा अर्थ प्रस्तावित बदलांना संमती दिली असा घेऊ नये, ही विनंती."

यात कोठेही तक्रारीचा सूर नाही, आणि तो नसावाच. बदल कधी अमलात येणार आणि तुम्ही उत्तर कधी देणार, या दोन तारखांपैकी तुमची तारीख आधीची असली पाहिजे, एवढे मात्र तपासून घ्यावे. प्रस्तावात दिलेली मुदत अपुरी असेल, तर ती वाढवून मागण्याची विनंती याच ईमेलमध्ये करावी.

जुने आणि नवे शेजारीशेजारी

यानंतरचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यामुळे होणारे नुकसान मी इतक्यांदा पाहिले आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. मूळ नेमणूकपत्र, त्यानंतर मिळालेली पगारवाढीची आणि बढतीची पत्रे, कर्मचारी नियमपुस्तिका, युनियनचा सामूहिक करार लागू असेल तर तो, आणि गेल्या वर्षभराची पगारपत्रके एकत्र करावीत. मग एका कागदाचे दोन रकाने करून डावीकडे आजची अट आणि उजवीकडे प्रस्तावित अट, कलमामागून कलम, शब्दशः उतरवून काढावी.

सोबतच्या पत्रात सांगितलेला बदल एक असतो आणि जोडलेल्या नव्या करारात बदललेली कलमे पाच असतात, हे या रकान्यांमुळेच लक्षात येते. पत्रात फक्त कामाच्या वेळा बदलल्याचे लिहिलेले असते. पण नव्या करारात सूचना कालावधी (नोकरी संपवण्यापूर्वी द्यायच्या नोटिशीची मुदत) एका महिन्याचा तीन महिने झालेला असतो, कामाचे ठिकाण "कंपनीचे कोणतेही कार्यालय" असे झालेले असते आणि जुन्या पत्रातला वार्षिक बोनस नाहीसा झालेला असतो. असे दर वेळी कोणी मुद्दाम करतो असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा कंपनीकडे एकच नवा मसुदा असतो आणि तोच सरसकट सर्वांना दिला जातो. परिणाम मात्र सही करणाऱ्यालाच भोगावा लागतो. गाळलेल्या अटी शोधायच्या असतील तर जुना करार हातात धरून नवा वाचावा. नवा वाचून जुन्यातले काय गेले ते कळत नाही.

दोन वाक्ये विशेष शोधावीत. पहिले म्हणजे "हा करार पूर्वीचे सर्व करार, पत्रे आणि समजुती रद्द करतो" अशा अर्थाचे. हे वाक्य असेल तर बढतीच्या पत्रात, ईमेलमध्ये किंवा तोंडी मिळालेली प्रत्येक सवलत नव्या करारात लिहून घ्यावी लागते, नाहीतर ती संपली असे समजावे. दुसरे म्हणजे नोकरीच्या सुरुवातीची तारीख. नवा करार नव्या तारखेपासून सुरू होत असेल, तर "मूळ नेमणुकीच्या तारखेपासूनची सेवा अखंड धरली जाईल" हे वाक्य त्यात असलेच पाहिजे. सेवासमाप्तीची भरपाई, रजा आणि कामावरून काढण्याविरुद्धचे संरक्षण या गोष्टी अनेक देशांत सेवेच्या वर्षांवर मोजल्या जातात, आणि दहा वर्षांची सेवा केवळ एका तारखेमुळे शून्यावर आलेली चालत नाही.

जुन्या करारातही एक कलम पाहावे: "कंपनी वेळोवेळी या अटींत बदल करू शकेल." ते सापडले की पुष्कळ जण तिथेच हात टेकतात. तसे करू नये. ब्रिटनमधील न्यायालये असे एकतर्फी अधिकार देणाऱ्या कलमाची भाषा स्पष्ट असावी असा आग्रह धरतात आणि पगारासारख्या गाभ्याच्या अटीला ते सहज लागू करत नाहीत. ओळखपत्र कसे लावावे, रजेचा अर्ज कोठे करावा असे नियम मालक आपल्या अधिकारात बदलू शकतो. वेतन, कामाचे तास, हुद्दा आणि कामाचे ठिकाण ही सामान्यतः कराराची अंगे असतात आणि ती दोघांच्या संमतीने बदलायची असतात.

आकडे मांडून पाहावेत

वेतनाचा बदल असेल तर तो नेहमी वर्षाच्या हिशेबात आणि पुढच्या काही वर्षांच्या हिशेबात पाहावा. आजचे वेतन १०० धरले आणि १० टक्के कपात झाली, तर ते ९० होते. पुन्हा १०० वर यायला १० टक्के वाढ पुरत नाही, सुमारे ११.१ टक्के लागते. दर वर्षी ५ टक्के वाढ मिळत गेली, तर तिसऱ्या वाढीनंतर वेतन सुमारे १०४.२ होईल आणि कपात भरून निघाली असे वाटेल. पण कपात झालीच नसती तर तेव्हा ते सुमारे ११५.८ असते. म्हणजे "पुढच्या वाढींत हे निघून जाईल" हे म्हणणे चूक आहे. फरक कायम राहतो, उलट आकड्यांत तो वाढत जातो.

निश्चित वेतनाचा काही भाग कामगिरीवर अवलंबून ठेवण्याचा प्रस्ताव याहून अवघड असतो, कारण कागदावर एकूण रक्कम तेवढीच दिसते. १०० पैकी ८० निश्चित आणि २० कामगिरीवर असे ठरले आणि उद्दिष्टांच्या मोजमापात ६० टक्के पदरात पडले, तर हाती ९२ येतात. शिवाय निवृत्ती निधी, जादा कामाचा मोबदला, रजेचा पगार यांची मोजणी निश्चित किंवा मूळ वेतनावर होत असेल, तर तेही त्या प्रमाणात घटते. इथे रकमेपेक्षा महत्त्वाचे प्रश्न असे की उद्दिष्टे कोण ठरवणार, ती वर्षाच्या मध्येच बदलता येणार का, आणि वर्ष संपण्यापूर्वी नोकरी सुटली तर झालेल्या कामाचा हिस्सा मिळणार का.

विचारायचे प्रश्न

उत्तर देण्यापूर्वी मालकाला हे का हवे आहे ते समजून घ्यावे. कारण खरे आणि गंभीर असेल तर वाटाघाटीला आधार मिळतो; कारण सांगताच येत नसेल तर तीही माहितीच आहे. हा बदल सर्वांना आहे की काहींनाच, कायमचा आहे की तात्पुरता, आणि मी मान्य केला नाही तर कंपनीचा पुढचा विचार काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात, पण कामावरून काढण्याचा विचार असेल तर ते सहीच्या आधी कळलेले बरे.

तात्पुरत्या बदलाबद्दल एक आग्रहाची सूचना आहे. शेवटची तारीख नसलेला तात्पुरता बदल कायमचाच समजावा. "परिस्थिती सुधारेपर्यंत" हे शब्द पुरेसे नाहीत, कारण सुधारणा झाली हे कोण ठरवणार? ठरलेल्या तारखेनंतर जुन्या अटी आपोआप, कोणत्याही नव्या पत्राशिवाय, पुन्हा लागू होतील, असे वाक्य मागावे.

आपल्या ठिकाणचा कायदा कोणत्या बाजूला आहे

इथे देशादेशांत इतका फरक आहे की दुसरीकडच्या मित्राचा अनुभव आपल्याला लावणे धोक्याचे ठरते. अमेरिकेत मोंटाना वगळता सर्व राज्यांत सर्वसाधारण नियम असा की ठरावीक मुदतीचा किंवा संरक्षण देणारा करार नसेल तर मालक किंवा कर्मचारी कोणीही कधीही नोकरी संपवू शकतो. त्यामुळे पुढच्या कामाचा पगार पूर्वसूचना देऊन कमी करणे मालकाला बरेच सोपे जाते. मात्र तिथेही, आधी करून झालेल्या कामाचा ठरलेला पगार मागच्या तारखेपासून कमी करता येत नाही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात न्यायालयांनी वेगळा मुद्दा धरला आहे: चालू नोकरीत कर्मचाऱ्याला तोट्याची अट मान्य करून घ्यायची तर बदल्यात त्याला काहीतरी नवे मिळाले पाहिजे, नुसते "नोकरी चालू राहील" हे पुरेसे नाही.

भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम ९-अ नुसार, कामगार या व्याख्येत बसणाऱ्यांच्या वेतन, कामाचे तास यांसारख्या परिशिष्टात दिलेल्या बाबींत बदल करण्यापूर्वी २१ दिवसांची सूचना देणे मालकाला बंधनकारक होते, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही २१ दिवसांची तरतूद आहे. व्यवस्थापकीय पदांवरील लोकांना ती लागू होत नाही. त्यांना मुख्यतः करारावरच उभे राहावे लागते. त्याच वेळी, नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करण्यास मनाई करणारे कलम नव्या करारात आले असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरवते, हे लक्षात ठेवावे.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार महत्त्वाच्या अटींतला बदल तो अमलात येण्याच्या दिवसापर्यंत तरी लेखी कळवावा लागतो. ब्रिटनमध्ये १९९६ च्या रोजगार हक्क कायद्याने ही मुदत बदलानंतर एक महिन्याची ठेवली आहे. युनियन असेल तर पहिला फोन तिथे करावा, कारण सामूहिक करारातली अट एकट्या कर्मचाऱ्याच्या सहीने बदलता येईलच असे नाही. युनियन नसली तरी त्याच प्रस्तावाची पत्रे आलेल्या सहकाऱ्यांनी एकत्र बसून एकच उत्तर दिले, तर त्याचे वजन वेगळे पडते.

मधल्या वाटा

आता उत्तराकडे येऊ. बदल खरोखरच चालण्यासारखा असेल तर संमती द्यावी, त्यात कमीपणा नाही. नाहीतर पुढील वाटा आहेत.

सर्वांत उपयोगी वाट सशर्त संमतीची. इथे मागणी नेमकी असावी. "मला हे अन्यायकारक वाटते" यावर मालक काही करू शकत नाही. "सूचना कालावधी तीन महिने करायचा असेल तर तो दोन्ही बाजूंना सारखा असावा, आणि कंपनीने तो वेतन देऊन संपवला तर पूर्ण वेतन मिळावे" यावर तो हो किंवा नाही म्हणू शकतो. कामाचे ठिकाण बदलणार असेल तर प्रवासखर्च, स्थलांतराला वेळ आणि काही महिन्यांनी परतण्याचा पर्याय मागता येतो. कपात असेल तर अखेरची तारीख, त्या प्रमाणात कमी तास, किंवा सेवासमाप्तीची भरपाई जुन्या वेतनावर मोजली जाण्याची हमी मागता येते. ही शेवटची मागणी पुष्कळांच्या लक्षात येत नाही, आणि कपातीनंतर वर्षभरात कर्मचारीकपात झाली तर तिचीच सर्वांत जास्त गरज पडते.

दुसरी वाट हक्क राखून काम करण्याची. जर्मनीत मालकाने जुना करार संपवण्याची सूचना देऊन त्याबरोबर बदललेल्या अटींची नोकरी देऊ केली, तर नोकरीवरून काढण्याविरुद्धच्या संरक्षण कायद्याखाली येणारा कर्मचारी "बदल सामाजिकदृष्ट्या अन्याय्य नसेल तर" अशा राखीव अटीवर ती स्वीकारू शकतो आणि काम चालू ठेवून न्यायालयात जाऊ शकतो. मात्र हे सांगण्याची मुदत फार तर तीन आठवडे आहे आणि दावाही तीन आठवड्यांतच करावा लागतो. ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने) १९८७ साली अशा एका प्रकरणात निकाल दिला की मालकाने एकतर्फी वेतन कमी केले आणि कर्मचाऱ्याने कामावर राहूनही ते कधीच मान्य केले नाही, तर जुना करार जिवंत राहतो आणि वेतनातला फरक मालकाला द्यावा लागतो. त्या कर्मचाऱ्याने काम सोडले नव्हते आणि विरोधही सोडला नव्हता. निकाल त्याच्या बाजूने लागण्याचे हेच मर्म होते. या वाटेने जायचे असेल तर मजकूर असा लिहावा:

"अमुक तारखेपासून माझ्या वेतनात केलेली कपात मला मान्य नाही आणि तिला मी संमती दिलेली नाही. नोकरी चालू राहावी म्हणून मी निषेध नोंदवून आणि मूळ करारातील सर्व हक्क राखून काम करत आहे. वेतनातील फरकाची रक्कम देय आहे असे मी मानतो. या विषयावर चर्चा करण्यास मी केव्हाही तयार आहे."

एकदा लिहून भागत नाही. पहिल्या कमी पगाराचे पगारपत्रक आले की पुन्हा लिहावे, आणि पुढेही काही महिन्यांच्या अंतराने आठवण द्यावी. निषेधाचे पत्र देऊन दोन वर्षे गप्प बसणे हे अखेर मौनच ठरू शकते.

तिसरी वाट स्पष्ट नकाराची. ती घेण्यापूर्वी परिणाम डोळ्यांसमोर असावेत: काही ठिकाणी मालक कायदेशीर सूचना देऊन नोकरी संपवू शकतो आणि नव्या अटींवर पुन्हा नेमणूक देऊ करू शकतो. ब्रिटनमध्ये या प्रकारासाठी जुलै २०२४ पासून आचारसंहिता लागू झाली. ती मालकाने अवाजवीपणे धुडकावली तर न्यायाधिकरण भरपाई २५ टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. नकार देताना पत्र छोटे असावे, कारणे दोन-तीनच असावीत, आणि कामात कसूर होणार नाही हे लिहावे. नकारानंतर हजेरी, वेळा आणि कामाचा दर्जा यांत बोट ठेवायला जागा राहू देऊ नये, कारण करारावरचा वाद शिस्तभंगाच्या वादात बदलला की तुमची बाजू कमकुवत होते.

राजीनाम्याबद्दल एवढेच सांगतो की तो रागाच्या दिवशी देऊ नये. मालकाने करारच मुळापासून मोडल्यामुळे राहणे अशक्य झाले, तर कर्मचाऱ्याचा राजीनामा प्रत्यक्षात मालकाने केलेली बडतर्फी आहे असे अनेक देशांचे कायदे मानतात. पण ते सिद्ध करण्याचे ओझे राजीनामा देणाऱ्यावर असते, फार उशीर केला तर बदल मान्य केला असे समजले जाऊ शकते, आणि घाई केली तर बेकारीच्या काळातील मदतीचा हक्कही काही ठिकाणी जातो. राजीनामापत्र लिहिण्याआधी कामगार कायद्याचा अनुभव असलेल्या वकिलाकडे किंवा युनियनकडे एकदा कागद दाखवावेत. तो दोन रकान्यांचा कागद आणि तारखांसह सगळा पत्रव्यवहार सोबत नेला तर सल्ला लवकर आणि नेमका मिळतो. या कागदांच्या प्रती स्वतःकडे असाव्यात, कारण वाद वाढला तर कार्यालयाचा ईमेल एका दिवसात बंद होतो; मात्र ग्राहकांची किंवा व्यवसायाची गोपनीय माहिती त्यांत येऊ देऊ नये.

सही करताना

वाटाघाटीतून काही ठरले, तर ठरलेले सगळे अंतिम मसुद्यात आले आहे का ते पुन्हा त्याच दोन रकान्यांत तपासावे. पूर्ण नव्या करारापेक्षा, बदललेली कलमे तेवढीच सांगणारे आणि "इतर सर्व अटी पूर्वीप्रमाणे कायम राहतील" असे म्हणणारे पुरवणीपत्र मागावे. ते वाचायलाही सोपे आणि सुरक्षितही. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची सही, तारीख आणि ज्यांचा उल्लेख आहे ती सर्व परिशिष्टे असावीत. मालकाची सही झालेली प्रत हाती आल्याशिवाय स्वतःची मूळ प्रत कायमची सोपवू नये. त्यानंतर येणारे पहिले पगारपत्रक नव्या अटींशी ओळीने ओळ ताडून पाहावे, आणि फरक आढळला तर त्याच आठवड्यात लेखी कळवावे.